तीन विसा

माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड दाखवा आणि माझी पेन्शन घेऊन जा, असं मी निरोप समारंभात भर सभेत म्हणालो होतो. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली बरीचशी हर्सूलच्या पलीकडच्या वस्तीवर, तेव्हा एवढी मिजास मला शोभत होती. माझी बायको वच्छला पहिल्या रांगेत बसलेली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "खाडाखोड नाही म्हणजे चूक नाही असं थोडंच असतं." बायकोचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही. ते घ्यायला पाहिजे होतं, हे कळायला मला बावीस वर्षं लागली आणि मधे जर्मनी देश यावा लागला.

पण ही गोष्ट माझी नाही, बानाबाईची आहे. मी तिला बानाच म्हणतो, कारण ती माझी विद्यार्थिनी.

चौऱ्याहत्तर सालचा जुलै. पहिलीत सांडू नावाचं एक पोरगं नवीनच दाखल झालं होतं, मेंढरंवाल्यांचं. हजेरीला रोज खणखणीत "हजर" म्हणायचं, पण पाटी तपासायला घेतली की सांडूचा पत्ता नाही. आठ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की तो आवाज खिडकीच्या बाहेरून येतोय. छडी घेऊन बाहेर गेलो. लिंबाखाली दहा-अकरा वर्षांची एक पोरगी काठी धरून उभी, मागं मेंढरं.

"कोण गं तू?"

"सांडूची भईन. बाना."

"आणि सांडू कुठंय?"

"त्यो तळ्यावर पवायला गेलाय. नाव कटंल म्हून मी वरडते."

"रोज?"

"व्हय. तुमी वर बघतच नाय."

खरं होतं ते. हजेरी घेताना माझी नजर कायम रजिस्टरावर. मला राग आला, तो आधी सांडूचा आला, मग तिचा आणि शेवटी माझा स्वतःचा. शेवटचा राग कुणावर काढता येत नाही, म्हणून तिला म्हटलं, "एवढी हौस आहे तर आत येऊन ओरड." ती म्हणाली, बाला इचारा. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला बोलावून घेतलं.

बाप आला तो दारातच उभा राहिला. पोरीला शाळेत घाल म्हटलं, तर म्हणाला, "घ्या, पन बिगीनं घ्या." त्याची मेंढरं पाटलाच्या कोवळ्या बाजरीत शिरली होती आणि पाटलाचा गडी आरडत पळत येत होता. मी दाखलखारीज रजिस्टर उघडलं. सांडूच्या नावाखाली बानाचं नाव घातलं. बापाचं नाव वरीलप्रमाणे, जात वरीलप्रमाणे, गाव वरीलप्रमाणे. आमच्यात त्यासाठी रकान्यात दोन बारीक रेघा मारायची पद्धत आहे. जन्मतारखेच्या रकान्यातही माझा हात थांबला नाही. तिथंही दोन रेघा मारल्या. सांडूची तारीख होती एक जून अडुसष्ट.

आता ही एक जूनची भानगड आमच्याकडं कुणाला सांगायला नको. ज्याच्या आईबापाला जन्माची तारीख ठाऊक नाही, त्याला गुरुजी एक जून द्यायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोब सोपा जातो. निम्मा मराठवाडा एक जूनला जन्मलेला आहे. मीही त्यातलाच. माझा बाप एवढंच सांगायचा की पोलीस ॲक्शनच्या वक्ताला तू माझं बोट धरून चालत होतास. त्यावरून माझ्या गुरुजींनी चव्वेचाळीस साल धरलं आणि पुढं एक जून लावला. त्या तारखेपायीच एकतीस मेला आमच्या जिल्ह्यात ढिगानं मास्तर निवृत्त होतात आणि हारवाले दुप्पट भाव लावतात.

बाना चौथी शिकली. त्या चार वर्षांत तिच्याइतकं मन लावून कुणी शिकलं नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो. मग लग्न झालं. नवरा मल्हारी, त्याच वस्तीवरचा, सरळ माणूस, अंगठाबहाद्दर. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत घाटी दवाखान्यात तिला मुलगा झाला, त्रिंबक. त्यानंतर मूल झालं नाही. त्रिंबकला तिनं आयटीआयला घातलं, तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला, बजाजनगरात खोली घेऊन राहिला आणि तिथून सहा वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. बाना आणि मल्हारी मात्र अजून मेंढरांमागं. दर दिवाळीला ती पुंडलिकनगरात आमच्या घरी येते, वर्तमानपत्र उघडते आणि मला एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवते. का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "इसरले नाय, ते तुमाला कळावं म्हून." मला हे फार आवडतं. वच्छला तिला तेवढ्यासाठी करंज्या राखून ठेवते.

तेवीस सालच्या जुलैत त्रिंबकला मुलगी झाली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती. बानानं त्या दिवशी वस्तीभर गूळ वाटला. पण दिवाळीला आली तेव्हा तिनं पेपर उघडला नाही.

"गुरुजी, नातीचं जावळ काढायचंय," ती म्हणाली. "आमच्यात आत्या पदरात क्येस झेलती. त्रिंबकला भईन नाय. मंग आजीचाच पदर लागतो. तिच्या अकराव्या म्हैन्याच्या आत मला तितं जायचंय. त्यो म्हैना हुकला तर तिसऱ्या वर्सावर जातंय. आन तिसऱ्या वर्साला मी आसंल का नसंल, कुनी सांगावं."

त्रिंबकला सहा महिने सुट्टी मिळणार नव्हती, म्हणजे तिलाच जावं लागणार होतं. मी म्हटलं, कागदाचं काम ना, ते माझ्यावर सोड. एवढं बोलायला माझं काय जात होतं.

आमच्या कोपऱ्यावर कडूबाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. कडूबाही माझाच विद्यार्थी, पण गणितात कच्चा. बाना समोर बसली, मी शेजारी, आणि कडूबानं संगणकावर यादी काढली.

"मावशी, जर्मनीला जायला व्हिसा लागतो."

"किती?" बानानं विचारलं.

"किती म्हणजे?"

"आमच्याकडं दोन विसा हायेत. कोकरं येगळी."

कडूबा माझ्याकडं बघायला लागला. मला हसू आवरेना. मेंढरंवाले जुने लोक अजून विसांनी मोजतात. वीस मेंढरांचा एक विसा, दोन विसा म्हणजे चाळीस. तिला वाटलं, जर्मनीचं सरकार आत घ्यायच्या आधी मेंढरं मोजतं. मी समजावून सांगितलं की व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेली परवानगी. ती म्हणाली, "मंग परवानगी म्हना की. उगं मेंढरामागं कामून लागता."

यादी मारुतीच्या शेपटासारखी. परतीनंतरही तीन महिने चालेल असा पासपोर्ट, तो त्रिंबकनं आधीच काढून दिला होता. प्रवासाचा विमा. त्रिंबकचं बोलावणं आणि आईचा सगळा खर्च माझ्याकडं, असं तिथल्या कचेरीत लिहून दिलेलं पत्र. ही खरंच त्याची आई आहे याला पुरावा म्हणून त्रिंबकचा जन्मदाखला. विमानाचं जाण्यायेण्याचं आरक्षण. ठरावीक मापाचा फोटो, त्यात हसायचं नाही. फोटोवाला म्हणाला, "आजी, पदर जरा मागं घ्या, कान दिसू द्या." ती म्हणाली, "गुरुजी भाईर जातेत तवर थांब." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

एक रकाना तर असा होता की तुम्ही परत येणार याची खात्री काय. शेत नाही, नोकरी नाही, बँकेत सांगण्यासारखं नाही. कडूबानं हात टेकले. बाना म्हणाली, "लिव, नवऱ्याला भाकरी येत नाय. आन मेंढरांच्या कातरनीच्या आत मला माघारी यावंच लागतंय." मी ते जरा सरकारी भाषेत बसवलं आणि खाली मेंढ्यांची संख्या टाकली. म्हणजे शेवटी विसा मोजावेच लागले. ती माझ्याकडं बघून नुसती हसली.

सगळे कागद मी तीनदा तपासले. कडूबानं आडनावात एक अक्षर जास्त घातलं होतं, ते पकडलं. एका कागदावर औरंगाबाद आणि एकावर छत्रपती संभाजीनगर होतं, त्याचा खुलासा जोडला. जन्मतारखेवरून माझी नजर तीनदा गेली आणि तीनदा पुढं सरकली. एक जून बघितल्यावर मला कधी काही वाटतच नाही. फेब्रुवारीत कडूबा तिला मुंबईच्या व्हिसा केंद्रात घेऊन गेला, बोटांचे ठसे देऊन ती परत आली आणि वस्तीवर बायका तिला निरोपाला जेवायला बोलवायला लागल्या.

मार्चच्या मध्यात पासपोर्ट परत आला. व्हिसा नव्हता. सोबत छापील कारणांचं एक पान आणि एका चौकटीत फुली. कडूबानं वाचून सांगितलं, दिलेली माहिती भरवशाची वाटत नाही.

बाना आमच्या पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "गुरुजी, मी काय खोटं बोलले?"

मी तिच्यादेखत कडूबाला झाडलं. कुठंतरी तूच घोळ घातला असशील म्हणालो. त्यानं बिचाऱ्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. तेवढ्यात त्रिंबकचा फोन आला. त्यानं तिकडं बसून दोन कागद शेजारी ठेवून हिशोब केला होता. "गुरुजी," तो शांतपणे म्हणाला, "माझा जन्म फेब्रुवारी एक्याऐंशीचा, घाटीतला. त्यात काही चूक नाही. पण पासपोर्टात आईचा जन्म एक जून अडुसष्टचा आहे. म्हणजे कागदावर आई माझ्यापेक्षा पावणेतेरा वर्षांनीच मोठी आहे. बारा वर्षांच्या पोरीला मूल होईल का? त्यांनी तरी खरं कसं मानावं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो माझ्याच काखेत. शाळेच्या दाखल्यावरून आधार, आधारावरून पासपोर्ट, आणि दाखला कशावरून, तर माझ्या दोन रेघांवरून. त्या दुपारी मी जेवलो नाही. वच्छला दोनदा बोलवायला आली. तिला काय ते सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी ती काय म्हणाली होती, हे तिनं उकरून काढलं नाही, हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शाळेत गेलो. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं. सांडू, खाली बाना, आणि एकाखाली एक दोन दोन रेघांची रांग. सुबक होत्या रेघा. खाडाखोड कुठंही नव्हती.

पासपोर्टातली तारीख बदलायची तर वर्षभराची यातायात होती. तेवढी मुदत कुठं होती. कडूबानं चौकशी केली तेव्हा कळलं की अर्ज पुन्हा करता येतो, नवा पुरावा आणि खुलासा जोडता येतो, मग ते नव्यानं बघतात. पुरावा बानाच्या पत्र्याच्या पेटीतच निघाला. त्रिंबकच्या जन्माच्या वेळचं घाटीचं कार्ड तिनं त्रेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्यावर डॉक्टरच्या हातचं लिहिलेलं, मातेचे वय सतरा. रजिस्टराच्या पानाची खरी नक्कल शाळेनं दिली. राहिला खुलासा, तो मला लिहायचा होता, शपथेवर.

"तुमची पेन्शन बंद नाही ना करणार?" वच्छलानं विचारलं.

"केली तर केली," मी म्हणालो.

मी छान लिहिलं. एका होतकरू मुलीला शिक्षणाची दारं उघडावीत या उदात्त हेतूनं मी तिचं वय कमी दाखवलं, असं. बाना समोर बसून ऐकत होती. मी मसुदा तिच्या हातात दिला. तिनं तो बोट ठेवून सावकाश वाचला आणि माझ्यासमोर परत ठेवला.

"गुरुजी, हे खरं नाय."

"काय खरं नाही?"

"मेंढरं बाजरीत घुसली व्हती. तुमाला घाई व्हती. तुमी मला वय इचारलंच नाय."

पन्नास वर्षं मी स्वतःला ते उदात्त हेतूचं सांगत आलो होतो. मी म्हटलं, असं लिहिलं तर माझी काय शोभा राहील. ती म्हणाली, "येकदा माहिती भरवशाची नाय म्हून फुली मारली त्यांनी. आता दुसऱ्यांदा तरी खरं लिवा." शाळेत मी तिला शुद्धलेखन शिकवलं होतं. तिनं मला माझाच कागद परत लिहायला लावला.

मग मी लिहिलं: मी, बद्रीनाथ, निवृत्त प्राथमिक शिक्षक, शपथेवर सांगतो की जुलै एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये बाना हिला शाळेत दाखल करताना मी तिचं वय विचारलं नाही. मला घाई होती. तिच्या धाकट्या भावाची जन्मतारीख मी दोन रेघा मारून तिला लावली. तिची आई सांगत असे की ती त्रेसष्ट सालच्या पोळ्याला जन्मली. चूक माझी आहे. तिनं कधी खोटं सांगितलेलं नाही. वकिलानं वाचून भुवया उंचावल्या, शिक्का मारला. कडूबानं त्याचं इंग्रजी करून घेतलं. सही झाल्यावर मला हलकं वाटलं, हे कबूल करतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसरा अर्ज. या वेळी मुंबईला मीही गेलो. कडूबा नको म्हणत होता, ऐंशीला टेकलेला माणूस, ऊन किती. पण माझी चूक मी पोस्टानं पाठवणार नव्हतो. केंद्राच्या दारात रखवालदारानं अडवलं, अर्जदारालाच आत सोडतात. मी बाहेर कठड्यावर बसलो. पाऊण तासानं बाना बाहेर आली ती पदर तोंडाला लावून हसत.

"काय झालं?"

"तितल्या बाईनं तुमचा कागद वाचला. मंग मला इचारती, आजी, ये बद्रीनाथ आपके कौन लगते हैं? मी म्हनले, यांनीच मला येक जूनला जल्माला घातलं."

"मग?"

"ती बी लई हासली. मंग म्हनली, ठीक है, सब साथ में भेज देते हैं."

पुढचे दिवस मी रोज कडूबाच्या दुकानात जाऊन बसायचो. तो बिचारा चहा सांगायचा. त्याला झाडलं होतं, त्याची माफी मागायची होती, ती मी तिथंच एकदा मागून टाकली. तो एवढा गांगरला की दोन कागदांची झेरॉक्स उलटी काढली.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. बानानं आमच्याच ओट्यावर उघडलं. पासपोर्टाच्या पानावर चिकटवलेला व्हिसा, त्यावर तिचा न हसलेला फोटो. इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत, पण आकडे तिनं वाचले, किती दिवस राहता येईल तेही. मग माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "अगं, नको. पाया मी पडायला पाहिजे." ती म्हणाली, "गुरुजी, तुमी तवा दोन रेगा नसत्या मारल्या आन मला वय इचारलं आसतं, तर बा म्हनला आसता, आकरा वर्साची घोडी पयलीत कशाला. मंग घाटीचं कार्ड कशाचं हाय, ते तरी मला कळलं आसतं का? जाळलं आसतं चुलीत." हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वीस मेला ती गेली. मल्हारीनं विमानतळावर जायचं नाकारलं, मेंढरं कोण बघेल म्हणाला, आणि त्याला भाकरी करता यायला लागली आहे अशी बातमी आठ दिवसांत वस्तीवरून आली. एकोणतीस मेला, बुधवार बघून, जावळ झालं. त्रिंबकनं फोटो पाठवला. बाना खाली बसलेली, पदर पसरलेला, पदरात मऊ काळे केस, आणि मांडीवर टकली नात तिच्या बांगड्यांकडं बघतेय. वच्छलानं तो फोटो किती वेळा बघितला त्याची गणती नाही. मी तिच्यापेक्षा एकदा जास्त बघितला.

मला वाटलं, आपलं काम झालं. पण एक जूनला दुपारी फोन वाजला, व्हिडिओचा. शनिवार होता, त्रिंबकला सुट्टी. टेबलावर केक, सून शेजारी, नात बानाच्या कडेवर. सुनेनं पासपोर्टातली तारीख बघून सासूचा वाढदिवस काढला होता. बानाच्या आयुष्यातला पहिला.

"गुरुजी, तुमीच सांगा," बाना म्हणाली. "त्रिंबक म्हनतोय, मेनबत्त्या किती लावायच्या? कागदावर छप्पन हायेत."

सगळे माझ्याकडं बघत होते. हातात मेणबत्त्यांचं खोकं धरून त्रिंबक थांबला होता. मी चष्मा काढला, पुसला. पन्नास वर्षांपूर्वी जे विचारलं नव्हतं, ते आता विचारलं.

"बाना, तुझं वय किती?"

तिनं पदर सावरला आणि हजेरीला ओरडायची तसं मोठ्यानं म्हणाली, "तीन विसा."

"तेवढ्या लाव," मी त्रिंबकला म्हणालो. "पुऱ्या साठ. एकही कमी करू नको."

त्रिंबक मेणबत्त्या लावायला लागला. बाना एकेक मोजत होती, नातीचं बोट धरून, वीस झाल्या की थांबून. पहिला विसा, दुसरा विसा. मधेच तिनं मान वर केली.

"गुरुजी, येक जून तुमचा बी हाय ना? तुमचं किती?"

"चार विसा," मी म्हणालो.

"मंग तुमच्याकडं कोन लावतंय?"

मी मागं बघितलं. वच्छला देवघरातलं निरांजन पेटवून आणत होती.